दाजींची सॅक आणि माळ्यावरचे बूट : पन्हाळा-पावनखिंडच्या तयारीचं एक प्रकरण

आधी माणसं आणि बेत सांगतो, म्हंजे पुढचं कळायला सोपं जाईल. आमचे दाजी, वय ४७, वजन ८४ किलो, शाळेत गणित शिकवतात, उजवा गुडघा अधनंमधनं कुरकुरतो. त्यांचा मुलगा म्हंजे माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, वजन ५८, अंगात दम भरपूर पण पाठीवर ओझं घेऊन चालायची सवय शून्य. बेत असा की जुलैत पन्हाळ्यावरनं निघायचं, म्हाळुंगे, मसाई पठार, खोतवाडी करत करपेवाडी-आंबेवाडीच्या बाजूला पहिला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पांढरेपाणी आणि पावनखिंड, तिथंच जवळपास दुसरा मुक्काम, आणि तिसऱ्या दिवशी विशाळगड. मी बरोबर जाणार होतोच, पण त्याआधी सामान बघून द्यायचं काम ताईनं माझ्या गळ्यात घातलं.

यात एक अडचण अशी की हा ट्रेक तारखेला बांधलेला आहे. महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं निसटले ते १२ जुलै १६६० च्या रात्री, आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली ती १३ ला. त्यामुळं आपल्याकडची झाडून सगळी मंडळी याच दिवसांच्या आगंमागं ही वाट चालतात, आणि ते दिवस म्हंजे पश्चिम कोल्हापुरात पावसाचा ऐन जोर. कोल्हापूर शहरातला पाऊस आणि तिकडचा पाऊस यात जमीन-अस्मानाचा फरक, जिल्ह्यातच बघा, गगनबावड्याला शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो, आणि आपण जसजसं पन्हाळ्याकडनं विशाळगडाकडं सरकतो तसतसं आपण जास्त पावसात शिरत जातो. म्हंजे दुसरा दिवस पहिल्यापेक्षा ओला असणार हे धरूनच चालायचं. बाकी ठिकाणी माणूस हवामान बघून तारीख ठरवतो, इथं तारीख ठरलेली, सामान त्याच्या हिशोबानं लावायचं.

जूनच्या सुरुवातीला दाजींच्या घरी गेलो तर हॉलमध्ये सगळं पसरलेलं. ६० लिटरची सॅक, उणे ५ लिहिलेली स्लीपिंग बॅग, चांगल्यातलं रेनजॅकेट, हिमाचलच्या ट्रेकसाठी घेतलेले आणि तेव्हापासून माळ्यावर ठेवलेले उंच घोट्याचे जाड बूट, दोन जीन्स, दोन मोठे टॉवेल, २०,००० एमएएचची पॉवर बँक, छत्री, आणि वर दाजींच्या आईंनी, म्हंजे आमच्या मावशींनी, आणून ठेवलेलं घोंगडं. भाच्याचं सामान निम्मं, पण त्यात ब्लूटूथ स्पीकर. ताईनं बॅगा तोलायचा हूकचा काटा आणला आणि दाजींची भरलेली सॅक पाण्याशिवाय १४ किलो ६०० ग्रॅम भरली. ती म्हणाली, "एवढं घेऊन निघालाय म्हंजे परत यायचा विचार दिसत न्हाय."

दाजींचं म्हणणं सरळ होतं. "पाव्हणं, सगळं भारीतलं सामान हाय, हिमालय करून आलंय, आता ह्याची टेस्ट कशाला घ्यायची?" आणि खरं सांगायचं तर एकेक वस्तू उचलून बघितली तर त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. पण माझा मुद्दा वेगळा होता, आणि हे सगळं लिहायचं कारणही तेच. सामान दुकानात चांगलं वाटतं, घरात चांगलं वाटतं, पहिल्या दिवशी दुपारपर्यंतही चांगलंच वाटतं. ते खरं कळतं दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा सगळं ओलं असतं, पाठीवर पूर्ण वजन असतं आणि तेच ओले मोजे परत पायात घालायचे असतात. म्हणून टेस्ट घ्यायची तर ती ओली, वजनासकट आणि सलग दोन दिवसांची, बाकीच्या टेस्ट म्हंजे मनाचं समाधान. आणि दुसरं, जुलैच्या सह्याद्रीत चालताना कोरडं राहायचं हा नादच सोडायचा. दिवसभर भिजायचंच आहे, रात्री अंगावर कोरडं पाहिजे एवढंच साधायचं. एकदा हे डोक्यात बसलं की निम्म्या सामानाचा निकाल आपोआप लागतो.

पहिली टेस्ट गच्चीवरच. वळवाचा एक दणका आला तेव्हा सॅकमध्ये जुने पेपर भरले, वर तिचं रेनकव्हर चढवलं, आणि सॅक भाच्याच्या पाठीला लावून त्याला गच्चीवर उभा केला, अर्धा तास हालायचं नाही म्हणून सांगितलं. पोरगं हसत होतं, शेजारचे बघत होते. नंतर उघडलं तर वरचे पेपर कोरडे, आणि तळातले पार लगदा. कव्हर समोरनं व्यवस्थित होतं, पण पाऊस डोक्यावरनं, मानेवरनं ओघळून पाठ आणि सॅक यांच्या मधनं आत उतरतो आणि तिथं कव्हर नसतंच. वर कव्हरच्या तळात पाणी साठून राहिलं होतं ते वेगळंच, म्हंजे सॅक खालनं भिजत घातल्यागत. शिवाय ते कव्हर आतनं चिकट झालं होतं आणि हात फिरवला की पांढरे पापुद्रे सुटत होते, वासही आंबूस. तेव्हा मी त्याकडं जुनं झालंय म्हणून बघितलं, पण बुटांच्या वेळी तीच भानगड परत पुढं आली, ते खाली सांगतो.

याच्यावर उपाय एकदम स्वस्त. कव्हर असो नसो, सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालायची, सगळं सामान तिच्यात, आणि तोंड पिळून दुमडून बांधायचं. दुकानात याला ड्राय बॅग किंवा लायनर म्हणतात आणि भाव ऐकून माणूस गप्प होतो. आमच्याकडं शेतातनं खताच्या पोत्यातली आतली पिशवी आणली, साबणानं तीनदा धुतली, दोन दिवस उन्हात टाकली. कपड्यांना आणि अंथरुणाला ती उत्तम, खायचं मात्र तिच्यात ठेवायचं नाही, त्याला वेगळे डबे. पुढच्या पावसात परत तीच टेस्ट, सॅक भिजली, पेपर कोरडे.

मग वजन. ढोबळ हिशोब असा की पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवायचं. दाजींच्या ८४ किलोला तो आकडा सतराच्या आसपास येतो, म्हणून ते खूश झाले, "बघा, बसतंय की हिशोबात." पण हा नियम सवयीच्या माणसाचा आणि धडधाकट गुडघ्याचा, आणि दाजींच्या ८४ मध्ये पोटाचे जे दहा-बारा किलो आहेत ते ओझं उचलत नाहीत, ते स्वतःच ओझं आहेत. हे मी जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं, ताईनं ह्याच शब्दांत.

स्लीपिंग बॅगचं उदाहरण घ्या. वजन १ किलो ६००. तिच्यावरचा उणे ५ हा आकडा नीट वाचला तर त्याच्या शेजारी बारीक अक्षरात एक्स्ट्रीम लिहिलेलं. युरोपात या आकड्यांची एक ठरलेली पद्धत २००२ पासून आहे आणि आता आयएसओ २३५३७ म्हणून ती सगळीकडं चालते, त्यात कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे वेगवेगळे आकडे असतात. एक्स्ट्रीम म्हंजे त्या थंडीत माणूस कसाबसा तगून राहील, झोपेल असं नव्हे. त्यामुळं बॅग घेताना कम्फर्टचा आकडा बघायचा. पण इथं तर प्रश्न उलटाच होता, जुलैत वाडीतल्या घरात रात्री पारा विशीच्या आसपास असतो, तिथं ही बॅग म्हंजे घामाची आंघोळ. आणि ती होती पिसांची. पिसांची बॅग हलकी, उबदार, सगळं मान्य, पण ओली झाली की पिसं गोळा होतात, मधली हवा जाते आणि ऊब पण जाते, आणि पावसाळ्यात ती वाळत नाही ते नाहीच. तिला घरी बसवलं, त्या जागी फ्लीसचं एक पातळ पांघरूण आणि साधी चादर शिवून केलेली खोळ.

घोंगड्यावरनं मात्र घरात वाद झाला. मावशींचं म्हणणं, "आमच्या धाकल्या दिरानं अख्खा जन्म रानात ह्याच्यावर काढला, तुमच्या प्लास्टिकात काय हाय?" आणि त्यांचं चुकीचं नाही. लोकर भिजली तरी थोडीफार ऊब देते, सुती कापड देत नाही, घोंगड्याची खोळ करून डोक्यावर घेतली तर भुरभुर पाऊस अंगाला लागत नाही, निखारा पडला तरी भसकन पेटत नाही. पण कोरडं घोंगडं २ किलो १०० आणि भिजलं की उचलून बघा एकदा. मी ते बादलीत बुडवलं, पिळलं, काट्याला लावलं, ४ किलोच्या वर गेलं. मावशी काही बोलल्या नाहीत, पण घोंगडं परत ट्रंकेत गेलं.

जीन्स दोन्ही बाहेर, त्याला वाद नाही. ओली जीन्स मांड्या सोलते आणि तीन दिवसांत वाळणार नाही. त्याच्याऐवजी ट्रॅक पँटच्या पातळ पॉलिस्टरची एक चालायची आणि एक रात्रीची. टॉवेलऐवजी पंचा. छत्री बाहेर, कारण मसाई पठारावर जो वारा असतो त्यात छत्री पहिल्या शंभर पावलांत उलटी. स्पीकर बाहेर, भाच्यानं तोंड पाडलं. शेवटी दाजींची सॅक ७ किलो ८०० वर आली, पाणी आणि खाणं धरून १० च्या जरा वर.

सॅक अंगाला बसते का हा वेगळाच विषय आणि दुकानात कोणी सांगत नाही. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं, तिथनं खाली कमरेच्या दोन्ही हाडांवर अंगठे ठेवून त्यांच्या मधल्या रेषेपर्यंत टेपनं मोजायचं, ती आपल्या पाठीची लांबी. माणूस उंच असला म्हंजे पाठ लांबच असेल असं नाही. दाजी ५ फूट १० पण पाठ १८ इंच, आणि सॅक मोठ्या मापाची, पाठ वर-खाली करायची सोय नसलेली, त्यामुळं कमरेचा पट्टा हाडावर न बसता खाली घसरायचा आणि सगळं वजन खांद्यावर यायचं. पोटामुळं तो पट्टा आणखीनच खाली. भाच्याची ४५ लिटरची सॅक मधल्या मापाची निघाली, तिच्यात पाठ वर-खाली करता येत होती, दोघांनी अदलाबदल केली आणि पोराची पाठ १९ भरल्यामुळं त्यालाही दाजींची बरी बसली. बिनखर्चात काम. बसली का हे बघायला पट्टा कमरेच्या हाडावर आवळायचा आणि खांद्याचे पट्टे सैल सोडायचे, सॅक तरी पण कमरेवर उभी राहिली तर बरोबर.

आता खरी टेस्ट. जूनच्या शेवटी पाऊस लागल्यावर शनिवारी दुपारी पूर्ण सामान घेऊन कोल्हापुरातनं चालत जोतिबा, रात्री तिथं मुक्काम, रविवारी सकाळी खाली उतरून पन्हाळ्यावर, आणि तिथनं एसटीनं घरी. जोतिबाला चालत जाणारी माणसं आपल्याकडं पैशाला पासरी, पण दहा किलो पाठीवर घेऊन, मुद्दाम पावसात, मुद्दाम डबक्यातनं जाणारे आम्हीच. वाटेत एका आजोबांनी विचारलं, "नवस हाय का काय?" दाजी म्हणाले, "व्हय, मेव्हण्याचा."

पहिल्या दिवशी कळलं ते जॅकेटचं. त्याच्यावर १०,००० एमएम लिहिलेलं, म्हंजे कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत येणार नाही असा तो हिशोब, आणि ते खरंही होतं, बाहेरनं पाणी आलंच नाही. जोतिबाचा चढ लागला आणि दाजी आतनं चिंब. असली जॅकेटं आतली वाफ बाहेर सोडतात म्हणून विकली जातात, पण वाफ बाहेर जायला आतल्या आणि बाहेरच्या हवेत फरक पाहिजे. हिमाचलात बाहेर थंड कोरडी हवा, तिथं चालतं. आपल्याकडं जुलैत बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली, वाफ जाणार कुठं? त्यात जॅकेट जुनं, वरचा थर उतरलेला, थेंब घरंगळायच्या ऐवजी कापडात मुरायला लागलेले, मग तर आतलं आतच. भाच्याकडं दोनशे-अडीचशेचा पोंचो होता, तो खालनं मोकळा, हवा खेळती, पोरगं दाजींपेक्षा कोरडं होतं. पण उघड्यावर वारा आला की तोच पोंचो तोंडावर. शेवटी दाजींसाठी असं ठरलं की चढावर जॅकेट काढून कमरेला, नुसत्या पॉलिस्टर टीशर्टवर भिजत चालायचं, चालताना अंग गरम असतं काही होत नाही, आणि पठारावर वारा लागला किंवा थांबलो की लगेच जॅकेट चढवायचं, काखेतल्या चेन उघड्या ठेवून. थांबल्यावर ओल्या अंगाला वारा लागतो तेव्हा माणूस कुडकुडतो, भिजण्यापेक्षा ते वाईट. पावसाला अडवायला जॅकेट नकोच होतं, वाऱ्याला अडवायला पाहिजे होतं.

रात्री मुक्कामाला फरशी गार. दाजींची फुगवायची गादी फुसफुस करत अर्ध्या रात्री खाली बसली, आणि भाच्याची फोमची वळकटी, जी योगाच्या वर्गातनं उचललेली, ती चालली. बंद पेशींचा फोम पाणी पीत नाही, भोक पडायची भीती नाही, सॅकच्या बाहेर बांधली तरी चालते. पेठेत अशी वळकटी चार-पाचशेला मिळते, तीच आणली.

आणि मग रविवार सकाळ. जोतिबावरनं उतरताना, डोंगर निम्मा झाला असेल, दाजी म्हणाले, "बुटात काहीतरी वळवळतंय." बघितलं तर उजव्या बुटाचा तळवा टाचेकडनं सुटून लोंबकळत होता. मी बोट घातलं तर मधला करडा थर भिजलेल्या खारी बिस्किटासारखा हातात आला, चिमटीत धरला की भुगा. वरचं चामडं झक्क, लेस झक्क, खालचं रबर अजून खडबडीत, नुसता मधला थर मेलेला. दहा मिनिटांत डावापण गेला. दाजी त्या बुटाकडं असे बघत होते की काय सांगू, घेताना सहा हजार मोजले होते आणि जेमतेम एक ट्रेक झालेला.

हा कंपनीचा दोष नव्हे, हे रसायन आहे. अशा जाड बुटांचा मधला थर बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो, मऊ, टिकाऊ, वजनाखाली दबून न बसणारा. पण हवेतला ओलावा त्याच्या साखळ्या हळूहळू तोडत राहतो, आणि गंमत अशी की बूट वापरले नाहीत तर जास्त खराब होतात, पिशवीत गुंडाळून बंद, दमट, गरम जागी ठेवले तर फारच. आपल्याकडचे पत्र्याखालचे माळे म्हंजे त्याला अगदी हवी तशी जागा. रेनकव्हरच्या आतला चिकट थर पण पॉलियुरेथेनच, तोही त्याच माळ्यावरचा, तोच रोग. बाहेरनं बघून काही कळत नाही, कळतं ते पाणी आणि वजन एकत्र लागल्यावर, आणि बहुतेक दुसऱ्या दिवशी. हे जर मसाई पठाराच्या पुढं खोतवाडीच्या जंगलात झालं असतं तर दाजी तिथनं अनवाणी आले असते. त्या दिवशी सॅकच्या पट्ट्याचा तुकडा आणि सुतळीनं तळवे बांधून, दर अर्ध्या तासाला परत बांधून, पन्हाळ्यापर्यंत आलो. तेव्हापासून टॉर्चला चिकटपट्टी गुंडाळून ठेवायची आणि चार प्लास्टिकचे झिपटाय सॅकच्या खिशात, वजन काहीच नाही.

दाजींना वाटलं शिवून मिळतील. चप्पल लाईनला एका जुन्या कारागिराला दाखवले. त्यानं बूट हातात घेतला, तळवा उचलला, भुगा नखानं कोरला, वास घेतला आणि परत दिला. "मास्तर, सुई धरायला काहीतरी पाहिजे की मधी. हे तर पीठ झालंय." चिकटवून देतो म्हणणारे दोन-तीन भेटले असते, पण हा माणूस खरं बोलला.

नवे काय घ्यायचे यावर दाजी परत तसलेच वॉटरप्रूफ बघत होते. मी नको म्हणलं, आणि याबाबतीत माझं मत ठाम आहे, पावसाळ्यातल्या सह्याद्रीला वॉटरप्रूफ बूट नकोच. गुडघाभर ओढे, घोटाभर चिखलाची भातखाचरं, पाणी वरनं आत येणारच, आणि एकदा आलं की वॉटरप्रूफ बूट ते बाहेर सोडत नाही, दिवसभर पायात बादली. त्यापेक्षा जाळीचे हलके बूट, खाली खोल दाते असलेले, पाणी आत येतं आणि चार पावलांत बाहेर जातं. शिवाय पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं, आणि दाजींचे जुने बूट कोरडेच १ किलो ४०० होते, नवे ७०० च्या आत. बूट घ्यायला संध्याकाळी जायचं, दिवसभरात पाय सुजलेला असतो, चालायचेच मोजे घालून बघायचे आणि दुकानाच्या जिन्यावरनं उतरून बघायचं, बोटं पुढं आपटली तर अर्धा नंबर वाढवायचा. भाच्यानं सगळी पोरं घालतात ते रबरी गुट्ट्यांचे कॅनव्हासचे बूट घेतले, चिखलात ते एक नंबर, पण मसाई पठार जांभ्याचं, पावसात त्यावर शेवाळ, आणि ते कडक रबर ओल्या दगडावर धरत नाही. नख दाबून बघा, नख अजिबात रुतत नसेल तर ओल्या दगडावर जपून. त्याला हे सांगून उपयोग नव्हता, त्यानं पठारावर दोनदा बूड टेकून अनुभव घेतला.

नवे बूट आणल्या आणल्या बादलीत बुडवले आणि दाजी रोज ओले बूट घालून रंकाळ्याला चक्कर मारायचे. लोक बघायचे, पण चौथ्या दिवशी डाव्या करंगळीला कुठं घासतंय ते कळलं, तिथं आधीच कापडी टेप लावायची ठरली. फोड येतो तो ओलावा आणि घासण्यानं, आणि फोड यायच्या आधी ती जागा गरम लागायला लागते, तिथंच थांबून टेप लावायची, "पुढच्या वाडीत बघू" म्हणलं की संपलं.

टॉर्चचं एक सांगायचं राहिलं. धुक्यात डोक्यावरच्या टॉर्चचा पांढरा झोत तोंडासमोरच्या थेंबांवर आपटून डोळ्यांतच येतो, समोर नुसती पांढरी भिंत. तोच टॉर्च काढून कमरेच्या उंचीवर धरला की वाट दिसते. भाच्याला हे पटेना म्हणून जोतिबाच्या मुक्कामात धुकं होतं तेव्हाच करून दाखवलं. आणि टॉर्चवर आयपीएक्स ४ असेल तर तो शिंतोड्यांपुरता, ७ असेल तर अर्धा तास मीटरभर पाण्यात बुडला तरी चालतो. दाजींचा ४ वाला होता, त्याला पारदर्शक पिशवी आणि रबर बँड, झालं वॉटरप्रूफ.

खाण्याची टेस्ट ताईनं घेतली. भडंग पहिल्याच दिवशी सादळला, चिवट, कोणी खाल्ला नाही. धपाटी दीड दिवस चांगली राहिली. शेंगदाणा-गुळाचे लाडू प्रत्येकी वेगळे गुंडाळलेले, भिजले तरी चालले, चालता चालता एका हातानं खाता आले. पावसात तहान लागत नाही म्हणून माणूस पाणी पीत नाही, त्यामुळं दर तासाला दोन घोट हा नियम, आणि लघवीचा रंग गडद झाला की समजायचं. औषधाच्या पुडीत नेहमीचं सामान, वर जळवांसाठी मिठाची पुरचुंडी, आणि पायाला चिरा असताना तीन दिवस चिखलपाण्यात जायचं तर लेप्टोची, म्हंजे उंदराच्या लघवीनं दूषित पाण्यातनं होणाऱ्या तापाची, भीती असते, म्हणून दोघांना डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं.

आता प्रत्यक्ष ट्रेक, लांबवत नाही. मसाई पठारावर धुकं इतकं की पुढचा माणूस आवाजावरनं ओळखायचा, आणि वाऱ्यानं भाच्याच्या सॅकचं रेनकव्हर उडवून कुठं नेलं ते कळलं पण नाही. मुक्कामाला सॅक उघडली तर आत खताची पिशवी, आणि पिशवीत सगळं कोरडं ठाक. तिथंच उतरलेल्या एका ग्रुपमधल्या चार पोरांची अंथरुणं पिळायची वेळ आली होती. दाजींनी ओलं सगळं काढून कोपऱ्यात टाकलं, पाय पुसले, बोटांच्या बेचक्यात पावडर, कोरडे मोजे, कोरडे कपडे, आणि पाठ टेकली. सकाळी तेच ओले मोजे, ओले बूट परत चढवताना जी शिवी तोंडातनं आली ती गणिताच्या मास्तरांना शोभणारी नव्हती, पण कोरडी जोडी त्यांनी मोडली नाही. इथंच बहुतेकांचा संयम सुटतो, सकाळी कोरडे कपडे घालतात आणि दुसऱ्या रात्रीला काही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी ओढे तुडुंब. एका ठिकाणी पाणी गुडघ्याच्या वर होतं तिथं आम्ही तासभर थांबलो, दुसरे ग्रुप हात धरून जात होते, आम्ही नाही गेलो. ओढा ओलांडताना कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा, पाय घसरला तर सॅक टाकून देता आली पाहिजे, नाहीतर तीच खाली ओढते. फोनची टच स्क्रीन ओल्या बोटांना दाद देईना, पिशवीतला नकाशा दोनदाच उघडला. घोंगड्याचं म्हणाल तर मुक्कामाच्या घरातल्या आजींनी स्वतःहून दोन घोंगडी काढून दिली, दाजींनी घरी फोन लावून ते पहिलं मावशींना सांगितलं. पण ते मिळेलच असं धरून जायचं नाही.

पायांचा हिशोब, दाजींना फोड एकही नाही, डाव्या अंगठ्याचं नख काळं, ते उतारावर लेस ढिली राहिली म्हणून. भाच्याला टाचेला दोन फोड, आणि विशाळगडाच्या शेवटच्या टप्प्यात तो दाजींच्या मागं होता, हे दाजींनी कोल्हापुरात सगळ्यांना सांगून झालंय.

खर्च सगळा मिळून बूट धरून पाच हजाराच्या आत बसला, त्यातला मोठा हिस्सा बुटांचाच. आल्यावर बूट धुऊन, आत पेपर कोंबून, पेपर दिवसातनं दोनदा बदलत पंख्याखाली वाळवले, उन्हात किंवा चुलीजवळ नाही, आणि आता ते दारामागं उघड्यावर असतात, आठवड्यातनं एकदा पायात जातात.

एक गोष्ट अजून लागलेली नाही, ती म्हंजे गुडघा. दाजींनी भाड्यानं एक ट्रेकिंग पोल घेतला होता, पिळून घट्ट करायचा, तो ओला झाल्यावर वजन टाकलं की सरकत खाली जायचा, दुसऱ्या दिवशी त्यांनी तो बांधून ठेवला आणि वाडीतनं घेतलेल्या बांबूच्या काठीवर आले. काठीनं पकड छान दिली, पण उतारावर सगळा भार एकाच बाजूला आला आणि दोन दिवस उजवा खांदा धरला. खटक्याच्या लॉकचे दोन पोल बघायचे म्हणतोय, त्यात ओलं झाल्यावर लॉक धरतं का ते दुकानात कळणार नाही, तेव्हा कोणाकडनं तरी मागून श्रावणात परत ओझं घेऊन जोतिबा करायचा आणि मग ठरवायचं.